स्वतःच्या सर्व्हरच्या नोंदी : कुडाळच्या निसर्ग-निरीक्षकांचे मॅस्टोडॉन, जून २०२३ ते एप्रिल २०२४

४ जून २०२३

आमच्या निसर्ग-निरीक्षक मंडळात ३७ जण आहेत. कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग आणि सीमेपलीकडे पेडणे-डिचोलीपर्यंत विखुरलेली ही माणसे गेली चार वर्षे एका मोठ्या समाजमाध्यमावरच्या बंद गटात पक्षी, फुलपाखरे, रानभाज्या आणि भरती-ओहोटीच्या नोंदी लिहीत होती. मार्च महिन्यात तो गट एका रात्रीत बंद करण्यात आला. फुरसे चावलेल्या हाताचे एक छायाचित्र प्रथमोपचाराच्या माहितीसह टाकलेले होते, ते तिथल्या यंत्रणेने हिंसक ठरवले असावे, असा आमचा अंदाज आहे. आम्ही तीन वेळा अर्ज केले आणि तिन्ही वेळा एकच ठरावीक उत्तर आले. चार पावसाळ्यांच्या नोंदी होत्या त्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक दुसरीकडे कुठेही नाहीत.

आज सावंतवाडीत बसून स्वतःचा सर्व्हर चालवायचे ठरले. मॅस्टोडॉन (ट्विटरसारखेच, पण एका कंपनीऐवजी अनेकांच्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारे समाजमाध्यम) निवडले, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०१६ पासून वापरात आहे, आणि ॲक्टिव्हिटीपब या २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने) मान्य केलेल्या खुल्या नियमावलीवर चालते. त्यामुळे आमचे घर स्वतंत्र राहील, तरी शेजाऱ्यांशी, म्हणजे इतर सर्व्हरांशी, बोलता येईल.

माझी एक शंका मी बैठकीत मांडली, ती इथेही लिहून ठेवतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर आले होते. मीही तेव्हा खाते काढले आणि दोन महिन्यांत परतलो, कारण ज्यांच्याशी बोलायचे ते तिथे नव्हते. या वेळी आम्ही ३७ जण एकदम जात आहोत, एवढाच फरक आहे. तो पुरेसा आहे की नाही, ते पाहायचे.

१० जून

पूर्ण दिवस नावात गेला, आणि तो वाया गेला असे मी मानत नाही. मॅस्टोडॉनमध्ये एकदा सर्व्हरचा पत्ता ठरला की नंतर बदलता येत नाही; प्रत्येक सदस्याची ओळख त्या पत्त्याला बांधलेली असते. सदस्याने दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवले तर त्याचे अनुयायी सोबत जातात, लेखन मात्र मागेच राहते.

मंडळाची इच्छा देवनागरी पत्ता घ्यावा अशी होती. डॉट भारत हे नाव २०१४ पासून मराठीसाठी उपलब्ध आहे आणि मला ते मनापासून हवे होते. परंतु अशी नावे आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवली जातात, आणि मी तपासलेल्या चार मोबाइल ॲपांपैकी दोन ते सांकेतिक रूपच पडद्यावर दाखवत होती. सदस्याच्या नावापुढे वीसेक अर्थहीन अक्षरे आली, तर ज्येष्ठ मंडळी पहिल्याच दिवशी बिचकतील. शेवटी साधे डॉट इन घेतले. खर्च वर्षाला ७५० रुपये.

१८ जून

घरातला जुना डेस्कटॉप वापरायचा, असा माझा हट्ट होता. रॅम आठ जीबी केली (१,६०० रुपये), ५०० जीबीची एसएसडी घातली (२,९०० रुपये), डेबियन ही मुक्त कार्यप्रणाली बसवली. मॅस्टोडॉन म्हणजे एक सॉफ्टवेअर नव्हे: माहिती साठवायला पोस्टग्रेस, तात्पुरत्या रांगांना रेडिस, पाठीमागची कामे उरकायला साइडकिक, आणि पुढे दाराशी एनजिनेक्स. हे सारे संध्याकाळपर्यंत उभे राहिले. घरातल्या फोनवर पान उघडले. बाहेरून मात्र काहीच उघडेना.

राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून येणाऱ्या निरोपांचे दार) उघडण्यात पाच तास घालवल्यावर राउटरला मिळालेला पत्ता पाहिला. तो १०० या आकड्याने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ यांच्या मधला होता. हा पट्टा सीजीनॅटसाठी राखीव आहे. म्हणजे ब्रॉडबँड कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवते, आणि बाहेरून आलेला निरोप कोणत्या घराचा हे कुणालाच कळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्या अशा रीतीने फक्त घेण्यासाठी बांधलेल्या आहेत, देण्यासाठी नाहीत. हे काम हाती घेणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत राउटरचा पत्ता पाहावा. माझे पाच तास वाचले असते.

२५ जून

कायम पत्त्यासाठी कंपनीने सांगितलेली रक्कम महिन्याच्या बिलाच्या जवळपास होती. त्याऐवजी मुंबईतल्या डेटा सेंटरमधले सर्वांत लहान भाड्याचे यंत्र घेतले (महिन्याला ३८० रुपये) आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (दोन यंत्रांमधली खासगी, सुरक्षित जोडणी) टाकला. बाहेरचे जग मुंबईचे दार ठोठावते आणि निरोप कुडाळला पोहोचतो.

त्यानंतर प्रमाणपत्राची (पत्ता खरा आणि जोडणी सुरक्षित असल्याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या फाइलची) चूक झाली. लेट्स एन्क्रिप्ट फुकट प्रमाणपत्र देते, पण नावांच्या त्याच संचासाठी आठवड्यात पाचच. मी प्रत्येक प्रयोगात सारे पुसून नवे मागत होतो आणि सहाव्या वेळी नकार आला. चाचणीसाठी त्यांची वेगळी व्यवस्था आहे, ती वापरायला हवी होती. दीड दिवस थांबल्यावर एक वाट सापडली: यादीत आणखी एक उपनाव घातले की तो संच नवा ठरतो.

सर्व्हर सुरू झाला. आमच्या बाईंनी (त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि मंडळात सगळे त्यांना बाईच म्हणतात) पहिली नोंद लिहिली: अंगणातल्या कुंड्यात आलेल्या बेडकांची.

७ जुलै

काल मॅस्टोडॉनची ४.१.३ ही आवृत्ती आली. तिच्यात दुरुस्त केलेली एक त्रुटी फार गंभीर आहे: विशिष्ट रीतीने घडवलेली चित्र-फाइल पाठवून सर्व्हरवर कुठेही फाइल लिहिता येत होती, म्हणजे सर्व्हर ताब्यातच घेता येत होता. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत ती सापडली.

मला हे आज रात्री साडेनऊला कळले, तेही एका ओळखीच्या सर्व्हर-चालकाने कळवले म्हणून. बारा दिवसांचा सर्व्हर, ३७ जणांची खाती, आणि सुरक्षेच्या सूचना वाचण्याची कोणतीही सवय मी लावून घेतलेली नव्हती. दुरुस्ती करायला पाऊण तास लागला. मोठ्या कंपनीत हे काम रात्रपाळीचे लोक करतात. इथे ते आपणच आहोत, हे त्या पाऊण तासात अंगावर आले. नव्या आवृत्त्यांची सूचना आता माझ्यासह आणखी दोघांच्या ईमेलवर जाते.

२२ जुलै

१९ तारखेच्या रात्री वीज गेली ती २१च्या दुपारी आली. यूपीएसने चाळीस मिनिटे साथ दिली. सगळ्या जिल्ह्यात पाऊस कोसळत होता, नदीनाल्यांची पातळी कळवायला मंडळींना हाच सर्व्हर हवा होता, आणि नेमका तोच बंद होता. वीज आल्यावर यंत्र सुरू केले तर राउटर जळालेला. नवा राउटर १,८०० रुपये.

बैठकीत बाईंनी विचारले, "यंत्र तुझ्या घरात आहे म्हणून ते आपले आहे का?" मी दोन दिवस यावर विचार केला. डबा कुठे ठेवला आहे यापेक्षा पत्त्याचे नाव, गुप्त किल्ल्या (सर्व्हरची कुलपे उघडणारे सांकेतिक शब्द) आणि माहितीची ताजी प्रत कुणाच्या हातात आहे, याने मालकी ठरते. या तीन गोष्टी हाताशी असतील तर भाड्याचे यंत्र एका दिवसात बदलता येते. त्या नसतील, तर घरातला डबाही परका.

आज सारे मुंबईच्या भाड्याच्या मोठ्या यंत्रावर हलवले: चार जीबी रॅम, ८० जीबी जागा, महिन्याला १,०५० रुपये. घरचा डेस्कटॉप आता रोज पहाटे तिथली प्रत खाली उतरवून घेतो. घरून चालवण्यासाठी केलेला सुमारे साडेसहा हजारांचा खर्च निम्मा तरी टाळता आला असता.

१६ ऑगस्ट

ईमेल. निमंत्रणाच्या ३७ पत्रांपैकी २२ नकोशा टपालाच्या फोल्डरात गेली. भाड्याच्या यंत्रावर पंचवीस क्रमांकाचे पोर्ट बंद असते, म्हणून पत्रे मध्यस्थ सेवेमार्फत पाठवावी लागतात. पत्र खरोखर आमच्याकडूनच आले हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही नोंदी डोमेनवर, म्हणजे आमच्या पत्त्याच्या नावावर, केल्या होत्या, पण डीकेआयएमची लांबलचक किल्ली चिकटवताना मध्ये एक ओळ तुटली होती आणि ती नोंद निकामी ठरत होती. हे शोधायला चार संध्याकाळी लागल्या. ईमेलही मुळात विकेंद्रितच आहे. तरीही आज चार-दोन मोठ्या टपालघरांनी दार उघडले नाही तर लहान माणसाचे पत्र पोहोचत नाही. मॅस्टोडॉनचेही पुढेमागे असेच होईल का, ही भीती मला आहे. ५ जुलैला फेसबुकवाल्या मेटा कंपनीने थ्रेड्स हे समाजमाध्यम सुरू केले आणि तेही ॲक्टिव्हिटीपबशी जोडण्याचा मनोदय जाहीर केला.

१२ सप्टेंबर

पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी डिस्क पूर्ण भरली, पोस्टग्रेस बंद पडले आणि सर्व्हर अकरा तास बंद राहिला.

चूक माझीच होती. सदस्यांना पान रिकामे वाटत होते, म्हणून ३ सप्टेंबरला मी आमचा सर्व्हर एका रिलेला जोडला. रिले म्हणजे त्यात सामील असलेल्या सगळ्या सर्व्हरांचे सार्वजनिक लेखन एकमेकांकडे ओतणारा पाट. पान खरोखर भरले, पण परक्या लेखनाबरोबर येणाऱ्या चित्रांची प्रत मॅस्टोडॉन आपल्याकडे साठवते आणि नऊ दिवसांत ती ५१ जीबी झाली. आमच्या स्वतःच्या सगळ्या छायाचित्रांची जागा तेव्हा ६ जीबी होती.

रिले काढला. परक्या चित्रांच्या प्रती सात दिवसांनी पुसण्याची मर्यादा व्यवस्थापन-पानावर घातली, आणि जुने ओझे टूटसीटीएल या आज्ञेने उतरवले. डिस्क ७० टक्के भरली की निरोप येईल, अशी एक छोटी स्क्रिप्ट बसवली. ही पहिल्या दिवशी बसवायला हवी होती. पान भरण्याचा खरा उपाय फार साधा निघाला. प्रत्येकाने आपल्या आवडीची दहा परकी खाती शोधून त्यांचा मागोवा घ्यायचा, आणि कोणती घेतली ते मंडळाला कळवायचे.

८ ऑक्टोबर

हा भाग मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा, म्हणून सविस्तर लिहितो.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी आम्ही एक सामाईक हॅशटॅग ठरवला, "किनाऱ्यावर". काहींच्या नोंदी त्याखाली दिसत, काहींच्या दिसत नसत. त्या न दिसणाऱ्या नोंदी उघडल्या तर हॅशटॅग "किनार्" इथेच तुटलेला आणि उरलेली अक्षरे साध्या मजकुरात गेलेली. आज दुपारी बाईंचा आणि मंडळातल्या दोडामार्गच्या दादांचा फोन शेजारी ठेवून एकेक अक्षराचा संकेतांक तपासला. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे होते. बाईंच्या फोनवर "ऱ्या" हे जोडाक्षर नुक्त्याच्या ऱ ने बनले होते. दादांच्या कळफलकाने मात्र साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह घातले होते. मॅस्टोडॉन त्या अदृश्य चिन्हाला शब्दाचा भाग मानत नाही आणि तिथेच हॅशटॅग संपवते.

दऱ्या, झऱ्यातले, पायऱ्यांवर, वाऱ्याने, अशा सगळ्या मराठी शब्दांची हीच गत आहे. उपाय म्हणजे ऱ टंकायचा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्टसह तो मिळतो. चौदा सदस्यांचे कळफलक बदलले. जुन्या नोंदींतला मजकूर मी परस्पर दुरुस्त करू शकलो असतो, कारण सारे पोस्टग्रेसमध्ये समोर आहे. केला नाही, तो त्यांचा मजकूर आहे. प्रत्येकाला यादी पाठवली आणि ज्याने त्याने आपापला दुरुस्त केला.

याच आठवड्यात जुन्या गटातून तिघांनी आधी उतरवून ठेवलेली प्रतही वाचता आली. तिच्यात मराठी अक्षरांच्या जागी परकी चिन्हे होती. यूटीएफ-८ या पद्धतीत एक मराठी अक्षर अनेक बाइटांत साठवले जाते, त्यातला प्रत्येक बाइट सुटे अक्षर समजून लिहिल्यामुळे तसे झाले होते. उलट क्रमाने बसवल्यावर ६१२ नोंदी सुटल्या. मॅस्टोडॉनमध्ये जुन्या तारखेने लेखन घालण्याची सोय नाही, त्यामुळे त्या साध्या पानांच्या रूपात शेजारी ठेवल्या आहेत.

१७ डिसेंबर

प्रत परत उभी करण्याची पहिली तालीम घेतली आणि ती फसली. डेस्कटॉपवर पोस्टग्रेसची प्रत होती, छायाचित्रे होती, पण गुप्त किल्ल्यांची मांडणी-फाइल कधी उतरवलीच नव्हती. ती नसती तर दुहेरी पडताळणी लावलेल्या सदस्यांना आत येता आले नसते. पाच महिने मी "आपल्याकडे रोजची प्रत आहे" असे सर्वांना सांगत होतो, आणि ते अर्धवट खरे होते.

आजच तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि नियम पानावर लावले. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाख सदस्यांची मर्यादा आहे ती मोठ्या माध्यमांच्या जादा जबाबदाऱ्यांसाठी. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल (२०२३ मध्ये) १५ दिवसांत, हे लहानांनाही लागू आहे, असे मंडळातल्या वकील सदस्याने समजावले.

१८ फेब्रुवारी २०२४

गेले तीन दिवस सगळ्या मॅस्टोडॉन-विश्वात निरर्थक संदेशांची लाट आली आहे. हल्लेखोर नोंदणी खुली असलेले लहान, दुर्लक्षित सर्व्हर शोधून तिथे खाती काढतात आणि तिथून सगळीकडे मारा करतात. आम्ही त्यांच्यापैकी एक ठरलो. जानेवारीत डिचोलीच्या एका नव्या सदस्यासाठी नोंदणी खुली केली आणि बंद करायला विसरलो. ४३ खोटी खाती निघाली, आणि आमच्या पत्त्यावरून जगभर कचरा गेला. खाती काढायला दीड तास लागला. आम्हाला अडवलेल्या नऊ सर्व्हरांच्या चालकांना एकेक पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करायला आठवडा लागेल. नोंदणी आता संमतीनेच होते.

डोमेनविषयीही या आठवड्यात सगळे धास्तावले. अफगाणिस्तानच्या डॉट एएफ या नावाखाली चालणाऱ्या एका सर्व्हरचे नाव तालिबान सरकारने काढून घेतले. गेल्या जुलैत मालीच्या डॉट एमएलखालच्या एका सर्व्हरवरही नाव गमावण्याची वेळ आली होती. आपण सर्व्हरचे मालक असलो तरी नावाचे भाडेकरूच असतो. आमचे डॉट इन माझ्या एकट्याच्या ईमेलवर नोंदलेले होते. ते मंडळाच्या सामाईक ईमेलवर हलवले आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरले.

१० मार्च

काल आणि आज जे घडले त्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले.

एका तरुण सदस्याने ककणेराच्या, म्हणजे मलबारी कवड्या धनेशाच्या, ढोलीचे छायाचित्र टाकले. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि फटीतून नर तिला फळे भरवतो, तो क्षण त्याने टिपला होता. छायाचित्र अप्रतिम होते. मजकुरात मात्र गावाचे नाव होते आणि राईतल्या देवळाचाही उल्लेख होता. ढोलीतली मादी पळू शकत नाही. ढोलीचा पत्ता चुकीच्या हाती पडला, तर मादी आणि पिल्ले दोन्ही जातात. आमचा पहिला लिखित नियमच हा आहे.

३८ मिनिटांनी दादांनी ते पाहिले आणि त्या मुलाने लगेच पुसले. आमच्याकडून ते गेले. परंतु पुसणे म्हणजे इथे केवळ एक निरोप असतो: ज्या ज्या सर्व्हरांवर प्रत गेली, त्यांना "ही काढा" असे सांगितले जाते, आणि काढायची की नाही हे त्यांच्या हातात असते. मी एकेक जागा तपासली. दोन सर्व्हरांवर छायाचित्र अजून दिसत होते. एकाच्या चालकाने तासाभरात उत्तर दिले. दुसरा युरोपातला होता. त्याला पक्ष्याची सारी हकिगत लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत काढल्याचे त्याने कळवले. कोणत्याही केंद्राच्या हातात सत्ता नाही, म्हणून आमच्या नोंदी आता कुणी एका रात्रीत पुसू शकत नाही. त्याच कारणाने आम्हीही आमची एक नोंद पुसू शकत नव्हतो. अनोळखी माणसाच्या भलेपणावर ती ढोली दीड दिवस अवलंबून होती.

आता घरट्यांच्या नोंदी मॅस्टोडॉनवर टाकायच्याच नाहीत, असे ठरले. त्या वहीत लिहायच्या आणि पावसाळ्यानंतर वनविभागाला द्यायच्या.

७ एप्रिल

हिशेब सादर केला. यंत्र, डोमेन, ईमेल-सेवा मिळून वर्षाला सुमारे १५,३०० रुपये. प्रत्येकी ५०० रुपये वर्गणीत १८,५०० जमतात. माझा वेळ मी लिहून ठेवला होता: दहा महिन्यांत २६० तास, त्यांतले निम्मे पहिल्या दोन महिन्यांत. ३७ पैकी २९ जण नियमित लिहितात. सहा जण सहसा येत नाहीत, त्यांना जुन्या ठिकाणची माणसे हवी आहेत. त्यांना मी समजावायला गेलो नाही.

२१ एप्रिल

दुसरी तालीम झाली. या वेळी मी यंत्राला हात लावायचा नाही, असे ठरले होते. मी लिहिलेले चार छापील कागद, बंद पाकिटातली किल्ल्यांची प्रत आणि तासाच्या भाड्याने घेतलेले रिकामे यंत्र, एवढ्यावर बाईंनी सर्व्हर उभा करायचा.

दुसऱ्या कागदावर त्या अडल्या. तिथे मी "नेहमीप्रमाणे परवानग्या द्याव्यात" असे लिहिले होते. त्यांनी तांबड्या पेनने त्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिले: "नेहमीप्रमाणे म्हणजे काय?" ती आज्ञा आता पूर्ण लिहिली आहे. तालमीच्या यंत्रावर साइडकिक सुरू करू नये, नाहीतर खऱ्या सर्व्हरच्या नावाने दुहेरी निरोप बाहेर जातील, ही सूचना चौथ्या कागदाच्या तळाशी होती. ती त्यांनी पहिल्या कागदाच्या वर घ्यायला लावली.

चार तास दहा मिनिटांनी पान उघडले. बाईंनी आधी स्वतःची बेडकांची नोंद आहे ना ते पाहिले, मग दुहेरी पडताळणीने आत जाऊन पाहिले, मग तालमीचे यंत्र पुसून टाकले. पाकीट पुन्हा बंद करून त्यावर तारीख घातली. असेच आणखी एक पाकीट दोडामार्गच्या दादांकडे गेले आहे. पुढची तालीम १४ जुलैला आहे. त्या दिवशी कागद दादांच्या हातात असतील, आणि बाई व मी दोघेही दुसऱ्या खोलीत बसू.